रिकाम्या चिठ्ठीचं ऋण

बँकेतल्या सदतीस वर्षांत मी किती माणसांना 'इथं सही करा' म्हटलं असेल, त्याचा हिशेब आता लागायचा नाही. कर्जाचे कागद ग्राहकापुढे ठेवण्याआधी त्यावर पेन्सिलीनं बारीक फुल्या मारलेल्या असायच्या. फुली दिसली की सही. कर्जदार सही करायचा, मग त्याचा जामीनदार करायचा, कधी दोघंही अंगठा उठवायचे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाखेत असताना एका वयस्क शेतकऱ्यानं पेन हातात धरून मला विचारलं होतं, "साहेब, यात लिहिलंय काय?" बाजाराचा दिवस होता, बाहेर रांग होती. मी म्हटलं, "नेहमीचंच." त्यानं क्षणभर माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सही केली.

ते 'नेहमीचंच' २०१४ साली माझ्याच पुढ्यात येऊन बसलं.

त्या वर्षी ऐन पावसाळ्यात माझ्या पत्नीच्या स्तनात गाठ निघाली. कॅन्सर हा शब्द आमच्या घरात तोवर फक्त दुसऱ्यांच्या घराविषयी बोलताना, आणि तोही आवाज खाली आणून, उच्चारला जायचा. मुंबईतल्या एका रुग्णालयात शस्त्रक्रियेची तारीख ठरली. त्याआधी एक तरुण डॉक्टर मुलगी हातात कागदांचा जुडगा घेऊन आमच्याकडे आली आणि स्टूल ओढून बसली. एक चाचणी चालू आहे, म्हणाली. शस्त्रक्रिया जशी ठरली आहे तशीच होईल. फरक एवढाच, की काही बायकांना गाठ काढण्याआधी तिच्या भोवती बधिर करण्याचं औषध टोचायचं, सात ते दहा मिनिटं थांबायचं आणि मग सुरी लावायची. बाकीच्यांना ते टोचायचं नाही. कोणाला टोचायचं हे ना डॉक्टर ठरवणार, ना रुग्ण; ते चिठ्ठीनं ठरणार. (चिठ्ठी हा शब्द माझा. प्रत्यक्षात ते काम संगणक करतो. पण भिशीची चिठ्ठी निघते तसाच प्रकार.)

मला ऐकूनच घाम फुटला. मी म्हटलं, "नको. आम्हांला प्रयोगबियोग काही नको. आम्ही काय उंदीर आहोत?"

"अहो, थांबा जरा," पत्नी म्हणाली. तिनं पर्समधून चष्मा काढला. ती शाळेत अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवत होती, त्यामुळे चष्म्याबरोबर लाल पेनही बाहेर आलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिनं ते संमतिपत्र वाचलं. 'शस्त्रक्रीया' असं छापलेलं होतं, तिथं वेलांटी ऱ्हस्व केली. मग त्या मुलीला विचारलं, "हे टोचल्यानं फायदा होतो का?"

"माहीत नाही, काकू."

"तोटा?"

"दाताचे डॉक्टर हेच औषध रोज वापरतात, त्यामुळे तोट्याची भीती फारशी नाही. पण फायदा होतो की नाही, ते खरंच माहीत नाही. माहीत असतं तर सगळ्यांनाच दिलं असतं."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर उपचार हेच आणि असेच. मी रागावणारसुद्धा नाही."

पत्नीनं सही केली. पुढं चिठ्ठी निघाली ती रिकामी. म्हणजे तिला काही टोचायचं नव्हतं. मी मनात म्हटलं, सुटलो.

माझ्या या घबराटीचं मूळ न्यू जर्सीत होतं. माझे थोरले बंधू माझ्याहून तेरा वर्षांनी मोठे. ते आणि वहिनी सत्तरच्या दशकात तिकडे गेले आणि तिथंच रमले. १९९८ च्या सुमारास वहिनींची पाळी गेली. अंगाची आग, रात्री दरदरून घाम, झोप नाही, हे सगळं सुरू झालं. तिथल्या डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं की या नुसत्या तेवढ्यापुरत्या नाहीत. या घेत राहा, तुमचं हृदय आणि हाडं दोन्ही शाबूत राहतील. वहिनींची आई आणि मावशी दोघीही हृदयविकारानं गेलेल्या. त्यामुळे अंगाची आग कधीच थांबली तरी गोळी चालू राहिली, ती हृदयासाठी. वहिनी फोनवर मला मोठ्या कौतुकानं सांगायच्या, "भाऊजी, इकडे रोग व्हायच्या आधीच औषध देतात!" मलाही ते फार पुढारलेलं वाटायचं.

२००२ च्या जुलैत एका रात्री त्यांचा फोन आला. "भाऊजी, गोळ्या बंद. टीव्हीवर दिवसभर तेच चाललंय. म्हणतात, त्यानं हृदयाला उलट धोका आहे, आणि स्तनाच्या कॅन्सरलाही. मग चार वर्षं मी गिळत काय होते?" २००४ साली वहिनींना स्तनाचा कॅन्सर निघाला. लहान होता, वेळेवर हाती लागला. आज त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि बंधूंना अजून साखर मोजून देतात. पण तो प्रश्न राहिला तो राहिलाच.

तेव्हा मी जो निष्कर्ष काढला तो चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे उमगायला मला बरीच वर्षं लागली. मला वाटलं, डॉक्टरांनी वहिनींवर प्रयोग केला. खरी गोष्ट नेमकी उलटी होती. वहिनींसारख्या लक्षावधी बायकांना जे औषध हृदयासाठी म्हणून दिलं जात होतं, त्याचा हृदयावरचा प्रयोग नीट कोणी केलेलाच नव्हता. आणि ज्या दिवशी तो पुरेसा झाला, त्या दिवशी त्यांच्या गोळ्या थांबल्या.

या गोळ्यांचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन अमेरिकेत १९४२ पासून विकायला होतं. १९६६ साली रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टरानं 'फेमिनिन फॉरएव्हर' हे पुस्तक लिहिलं आणि पाळी जाणं हा जणू कमतरतेचा आजारच आहे, गोळी घेतली की बाई सदैव तरुण, असं अमेरिकेतल्या घराघरांत पोचवलं. १९७५ साली कळलं की नुसत्या इस्ट्रोजेननं गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो; मग त्याच्या जोडीला दुसरं हार्मोन देऊ लागले. आणि याच काळात हृदयाची गोष्ट पुढं आली. १९७६ पासून अमेरिकेत १,२१,७०० परिचारिकांची माहिती सातत्यानं गोळा केली जात होती. त्यात असं दिसलं, की हार्मोन घेणाऱ्या परिचारिकांना हृदयविकार न घेणाऱ्यांपेक्षा जवळपास निम्म्यानं कमी होतो. निम्म्यानं! एवढा मोठा फरक दिसल्यावर डॉक्टर लिहून देणार नाहीत तर काय करतील?

इथं मला माझा बँकेतला अनुभव सांगायला हवा. माझ्या एका शाखेत मी सहज बघितलं होतं, की ज्यांच्याकडे लॉकर आहे त्या ग्राहकांची कर्जं सहसा थकत नाहीत. आता यावरून एखाद्या हुशार मॅनेजरनं ठरवलं, की थकबाकी कमी करायची तर सगळ्या कर्जदारांना एकेक लॉकर देऊन टाकू या, तर? हेड ऑफिसनं त्याला तातडीनं विश्रांतीला पाठवलं असतं. लॉकरमुळे हप्ता भरला जात नाही. ज्याच्या घरी लॉकरमध्ये ठेवण्याजोगं काही आहे, त्याला हप्ता भरणंही जमतं. हार्मोन घेणाऱ्या बायकांचं असंच काहीसं होतं. त्या अधिक शिकलेल्या होत्या, बऱ्या परिस्थितीतल्या होत्या, डॉक्टरकडे वेळच्या वेळी जाणाऱ्या, वजनावर लक्ष ठेवणाऱ्या होत्या. त्यांचं हृदय मुळातच जरा बरं होतं. गोळी हा त्यांचा लॉकर होता.

मग गोळीचा गुण आणि बाईचा गुण वेगळा कसा काढायचा? त्याला उपाय एकच. कोणी गोळी घ्यायची हे शिक्षणावर, पैशावर, हौसेवर, डॉक्टरच्या मर्जीवर सोडायचं नाही. चिठ्ठी टाकायची. हजारो बायकांमध्ये चिठ्ठ्या टाकल्या की दोन्ही बाजूंना श्रीमंत-गरीब, लठ्ठ-सडपातळ, काळजी घेणाऱ्या-न घेणाऱ्या सारख्याच वाटल्या जातात. मग जो फरक उरेल तो गोळीचा. साधी गोष्ट आहे, पण माणसाच्या स्वभावाला ती फार जड जाते. चिठ्ठी टाकायची म्हणजे आधी 'मला माहीत नाही' असं म्हणावं लागतं. हे वाक्य डॉक्टरला जड, मॅनेजरला जड, आणि नवऱ्याला तर सगळ्यांत जड.

अमेरिकेत ते वाक्य म्हणायला बर्नाडिन हीली ही बाई पुढं आली. त्या स्वतः हृदयविकारतज्ज्ञ. १९९१ साली तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या त्या पहिल्या महिला संचालक झाल्या. हृदयविकारावरचं बहुतेक संशोधन पुरुषांवर झालेलं होतं. ॲस्पिरिननं पहिला झटका टळतो का, हे बघणारी गाजलेली चाचणी २२,०७१ डॉक्टरांवर झाली होती, त्यांत एकही बाई नव्हती. हीलींनी बायकांसाठी स्वतंत्र, प्रचंड अभ्यास उभा केला. सगळे भाग मिळून त्यात १,६१,८०८ बायका आल्या. त्यांतल्या १६,६०८ जणींमध्ये या जोड-हार्मोनच्या चिठ्ठ्या पडल्या: निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. आपल्याला कुठली मिळते आहे हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. साडेआठ वर्षं चालायची ती चाचणी सरासरी सव्वापाच वर्षांनीच, २००२ च्या जुलैत थांबवावी लागली. वहिनींचा फोन आला तो त्याच आठवड्यात.

आकडे असे होते. दर दहा हजार बायकांमागे वर्षाला पोकळ गोळी घेणाऱ्यांत ३० जणींना हृदयविकार झाला. खरी गोळी घेणाऱ्यांत ३७. स्तनाचा कॅन्सर इकडे ३०, तिकडे ३८. पक्षाघात इकडे २१, तिकडे २९. नाही म्हणायला खुब्याची हाडं मोडणं १५ वरून १० वर आलं होतं. हाडांचं आश्वासन तेवढं खरं निघालं.

तीस आणि अडतीस. हा फरक किती बारीक आहे बघा. एखादा डॉक्टर आपल्या दवाखान्यात तीनशे बायकांना ही गोळी देत असेल, तर त्याला आयुष्यात हा फरक दिसायचा नाही. तो प्रामाणिकपणे म्हणेल, माझ्या पेशंटना तर कधी त्रास झाला नाही. आणि वहिनींच्या प्रश्नाचं काय? त्याचं उत्तर मला कर्जखात्यात मिळालं. शंभर कर्जांमागे चार बुडतात हे मॅनेजरला ठाऊक असतं. कुठली चार, हे कर्ज देताना त्याला कळत नाही. पण मॅनेजरला निदान बुडालेलं खातं नंतर दिसतं. इथं तेही नाही. अडतीस जणींतल्या आठ गोळीमुळे, पण त्या आठ कोणत्या, हे देवालाच ठाऊक. बाकीच्या तीस जणींना तो तसाही झालाच असता. वहिनी त्या आठांतल्या की तिसांतल्या, हे कोणीही कधीही सांगू शकणार नाही. मी हे त्यांना फोनवर समजावलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझं भांडण कोणाशी, तेही कळायचं नाही."

त्यानंतर अमेरिकेत लाखो बायकांनी गोळ्या सोडल्या. २००३ साली तिथल्या स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण एका वर्षात सुमारे ७ टक्क्यांनी खाली आलं, आणि त्याचं मोठं कारण ही सोडलेली गोळीच असावी, असं संशोधकांनी मांडलं. पुढं या निकालालाही पैलू फुटले. चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. नुकतीच पाळी गेलेल्या तरुण बायकांत चित्र पुष्कळ सौम्य दिसतं. गर्भाशय काढलेल्या, म्हणून नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कॅन्सर वाढलेला आढळला नाही. योग्य बाईला, अंगाची आग असह्य झाली असताना, डॉक्टर आजही ही गोळी देतात आणि ते बरोबरच आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या औषधांवरचे बरेचसे ठळक इशारे काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. वाद चालायचाच. पण आता तो आकड्यांनिशी चालतो. आधी तो वादच नव्हता, नुसती खात्री होती.

बायकांचंच कशाला, माझंही सांगतो. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कंपूत एक निवृत्त अभियंता आहेत. त्यांच्या सल्ल्यानं आम्ही सहाही जण रोज रात्री ॲस्पिरिनची छोटी गोळी घ्यायचो. कोणालाही हृदयाचं दुखणं नव्हतं. आधार तोच, १९८८ साली जाहीर झालेली त्या बावीस हजार पुरुष डॉक्टरांची चाचणी. त्यात पहिला झटका येण्याचं प्रमाण ४४ टक्क्यांनी घटलं होतं, खोटं काही नव्हतं. पण २०१८ साली ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ निरोगी वृद्धांच्या चाचणीचा निकाल आला: फायदा दिसत नाही, रक्तस्राव मात्र वाढतो. आमच्या डॉक्टरांनी गोळी बंद केली. (ज्यांना एकदा झटका येऊन गेला आहे किंवा नळी घातलेली आहे त्यांची गोष्ट निराळी, हे वाचून कोणी आपल्या मनानं गोळी टाकून देऊ नये.) अभियंता मात्र अजून घेतात. म्हणतात, "मला मानवते."

'मला मानवते' या दोन शब्दांनी वैद्यकशास्त्राचं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं क्वचितच कशानं केलं असेल.

माझ्या मोठ्या मावशीचं उदाहरण आहे. १९७२ साली तिचा स्तन काढला. नुसता स्तन नाही. खालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं खरवडून. तिला नंतर डावा हात डोक्यावर नेऊन स्वतःची वेणी घालता येईना. चोळीत ती कापसाचा बोळा ठेवायची, आणि आम्ही मुलं खोलीत आलो की पदर घट्ट ओढून घ्यायची. बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड या थोर शल्यविशारदानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही शस्त्रक्रिया रूढ केली. तर्क सरळ होता: जेवढं जास्त कापाल तेवढा रोग निघेल. जवळजवळ ऐंशी वर्षं जगभरच्या शल्यविशारदांनी या तर्कावर हात चालवला. मावशीच्या डॉक्टरचा मुळीच दोष नव्हता. त्यानं तेव्हाचं उत्तमात उत्तम केलं.

पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर आणि मिलानचे उम्बेर्तो व्हेरोनेसी या दोघांनी १९७० च्या दशकात विचारलं, की नुसती गाठ काढून, किंवा स्तनाचा तेवढाच भाग काढून, वर किरणोपचार दिले तर? आणि पुन्हा तीच चिठ्ठी. फिशर यांना चाचणीसाठी बायका मिळता मिळेनात. 'माझा स्तन राहणार की जाणार हे चिठ्ठीवर ठरवायचं?' असं कोणीही विचारील. मी तर नक्कीच विचारलं असतं. पण हजारो बायका अखेर तयार झाल्या. वीस वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं, आणि त्याच २००२ सालच्या ऑक्टोबरात दोन्ही चाचण्यांचे निकाल एकाच अंकात छापून आले: स्तन राखलेल्या बायका स्तन गमावलेल्या बायकांइकक्याच जगल्या. आज गाठ लहान असताना सापडली तर डॉक्टर स्तन वाचवण्याचा पर्याय पुढं ठेवतात, तो त्या बायकांच्या सह्यांवर उभा आहे. माझ्या पत्नीचाही स्तन राहिला. मावशीचं आणि तिचं दुखणं एकच. मधे बेचाळीस वर्षं आणि त्या सह्या.

आपल्याकडची अशीच एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही. मुंबईत १९९८ साली टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपडवस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायकांची चाचणी सुरू केली. मॅमोग्राफीचं यंत्र गल्लोगल्ली नेणं आपल्याला परवडणारं नव्हतं. प्रश्न असा होता, की बेताचं शिक्षण झालेल्या आरोग्यसेविकेला प्रशिक्षण दिलं आणि तिनं दर दोन वर्षांनी हातानं स्तन तपासला, तर जीव वाचतील का? काही वस्त्यांत ही तपासणी झाली. इतर वस्त्यांत आरोग्यशिक्षण दिलं आणि मग दर दोन वर्षांनी घरी जाऊन नुसती विचारपूस केली. कल्पना करा: पावसात, चिखलात, वीस वर्षं त्याच घरांची दारं ठोठावायची. माणसं गावी निघून जातात, वस्त्या उठतात, नावं बदलतात. आमच्या बँकेत तीन वर्षांपूर्वीचं व्हाउचर मागितलं तर रेकॉर्ड रूममधून उत्तर यायला आठवडा लागायचा! २०२१ साली निकाल छापून आला. सर्व वयोगट धरले तर मृत्यूंत खात्रीनं सांगण्याजोगी घट नव्हती. पण पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. नुसत्या हातांनी.

अर्थात, माझी 'उंदीर' म्हणून उडालेली घाबरगुंडी निव्वळ वेडगळपणाची होती, असं मी म्हणणार नाही. आपल्या देशात गरिबांना धड न सांगता चाचण्यांत ओढल्याच्या तक्रारी झाल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २०१३ मध्ये व पुन्हा २०१९ मध्ये नियम कडक झाले. इजा झाली तर भरपाई, नीतिमत्ता समितीची परवानगी, हे सगळं आलं. २००९ पासून प्रत्येक चाचणीची सरकारी नोंदवहीत आधी नोंद करावी लागते, म्हणजे नको असलेला निकाल गुपचूप फाडून टाकता येत नाही. हे बँकवाल्याला लगेच पटतं. व्यवहाराला आधी नोंद हवी. पण नियम कितीही करा, 'नेहमीचंच' म्हणणारा एक माणूस मधे बसला की सगळं फुकट जातं. तो माणूस मी होतो, म्हणून सांगतो. त्या डॉक्टर मुलीनं 'माहीत नाही' असं स्वच्छ सांगितलं आणि पत्नीचं वाचून होईतो ती स्टुलावर बसून राहिली. त्या शेतकऱ्यासाठी मी दोन मिनिटं बसलो नव्हतो.

२०२२ च्या सप्टेंबरात सकाळी पेपर वाचताना पत्नीनं मला हाक मारली. "अहो, माझ्या चाचणीचं आलंय." पॅरिसच्या परिषदेत टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी निकाल सांगितला होता. देशातली अकरा केंद्रं, १६०० बायका. ज्यांना शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं, त्यांतल्या ८६.६ टक्के बायका पाच वर्षांनी रोगमुक्त होत्या. ज्यांना टोचलं नव्हतं त्यांतल्या ८२.६ टक्के. जिवंत राहण्याचं प्रमाण ९०.१ आणि ८६.४. शंभरात चारांचा फरक, आणि औषध शंभर रुपयांच्या आतलं. कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळणारं. एका चाचणीनं शेवटचा शब्द होत नाही, हे मी आता शिकलो आहे. पण शंभरात चार म्हणजे काय, ते कर्जखात्यात आयुष्य काढलेल्याला समजावून सांगायला नको.

मी मटकन बसलो. रिकामी चिठ्ठी निघाली तेव्हा 'सुटलो' म्हणणारा मीच. म्हटलं, "तुला ते इंजेक्शन मिळायला हवं होतं गं."

"मला मिळालं असतं, तर या दुसऱ्या रकान्यात कोण असतं?" तिनं पेपरवर बोट ठेवलं. "हे ब्याऐंशी पूर्णांक सहा आहे ना, त्यात मी आहे. मी नसते तर शहाऐंशी कशापेक्षा जास्त, ते कसं सांगितलं असतं?"

मला उत्तर सुचलं नाही. तिनं बातमीचं कात्रण कापलं आणि आपल्या फाइलीत, संमतिपत्राच्या प्रतीमागे लावलं. 'रुग्ण' शब्दाचा पहिला उकार पेपरात दीर्घ पडला होता, तो लाल पेनानं ऱ्हस्व केला.

यंदा तिच्या वार्षिक तपासणीला आम्ही गेलो होतो. बाहेरच्या बाकावर तिशी-पस्तिशीची एक मुलगी बसली होती, शेजारी तिचा नवरा. मुलीच्या हातात तसाच कागदांचा जुडगा. नवरा तिच्या कानाशी तेच बोलत होता, जे मी अकरा वर्षांपूर्वी बोललो होतो. शब्द ऐकू आले नाहीत तरी चेहरा मला ओळखीचा होता. मुलगी पत्नीकडे वळून म्हणाली, "काकू, तुम्ही इथं नेहमी येता का? हे असलं लिहून मागतायत. सही करू का?"

"ते मी कसं सांगू?" पत्नी म्हणाली. "वाचलंस का तू?"

"नाही. हे म्हणतात, नेहमीचंच असतं."

पत्नीनं माझ्याकडे बघितलं नाही, हे तिचे उपकार. तिनं पर्समधून चष्मा काढला, बाकावर थोडी सरकली आणि म्हणाली, "आण इकडे. पहिल्या पानापासून बघू."

मी त्या नवऱ्याला म्हटलं, "चला, आपण चहा घेऊन येऊ. यांना वेळ लागेल."